धोक्याची सूचना क्रमांक १२०२

२० जुलै १९६९. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना घेऊन ‘ईगल’ हे यान चंद्रावर उतरत होते. पृष्ठभाग अजून सुमारे १० किलोमीटर खाली होता. एवढ्यात यानातल्या संगणकाने १२०२ हा आकडा दाखवला. ही धोक्याची सूचना होती. उतरायचे की माघारी फिरायचे, हे काही सेकंदांत ठरवायचे होते.

झाले होते काय? एका रडारच्या वीजजोडणीतील विसंगतीमुळे संगणकावर निरर्थक संकेतांचा मारा होत होता. त्याचा सुमारे १३ टक्के वेळ त्यातच जात होता. आधीचे काम संपण्यापूर्वीच पुढचे येऊन उभे राही. त्याची बदलती स्मृती होती अवघी सुमारे ४ किलोबाइट; नव्या कामांना जागा उरेना. १२०२ चा अर्थ एवढाच, की कामे फार झाली आहेत.

मग संगणक बंद का पडला नाही? कारण अशा प्रसंगाचा विचार आधीच झाला होता. एमआयटी या संस्थेतील हॅल लॅनिंग यांनी प्रत्येक कामाला अग्रक्रम देणारी पद्धत बसवली होती. यानाचा मार्ग आणि इंजिन सांभाळणे ही कामे वरची. फलकावर आकडे दाखवणे खालचे. कामे अनावर झाली, की संगणक पाटी पुसून क्षणात पुन्हा सुरू होई आणि महत्त्वाची कामे नोंदलेल्या टप्प्यापासून पुढे नेई. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या गटाने आज्ञावली याच बेताने लिहिल्या होत्या.

यंत्राप्रमाणे माणसांचीही तयारी झाली होती, तीही एका चुकीतून! उड्डाणाच्या काही दिवस आधी सरावात अशीच एक सूचना मुद्दाम देण्यात आली. नियंत्रण कक्षातील स्टीव्ह बेल्स यांनी उतरणे रद्द करायला सांगितले. तो निर्णय चुकीचा ठरला. प्रमुख जीन क्रांझ यांनी त्यांना बाजूला काढले नाही. अशा सर्व सूचनांचा अभ्यास करायला लावला. २४ वर्षांच्या जॅक गार्मन यांनी हाताने यादी तयार केली. म्हणूनच प्रत्यक्ष वेळी ते चटकन सांगू शकले, की सूचना सतत येत नसेल तर धोका नाही. बेल्स यांनी पुढे जाण्याचा निर्णय दिला. उतरेपर्यंत अशा पाच सूचना आल्या. यान सुखरूप उतरले.

काहीतरी बिघडणारच, असे धरून चालावे. कोणते काम सोडता येईल आणि कोणते मुळीच नाही, हे निवांतपणी ठरवून ठेवावे. ही हकिगत आम्हाला एवढे शिकवते. आणि शिक्षक म्हणून एक प्रश्नही विचारते: सरावातल्या चुकीवर आपण लाल रेघ मारून थांबतो, की तिची यादी करतो?