न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचे माप

'व्ही.पी. सोडवून घेणे' हा शब्दप्रयोग आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसेल. त्यांच्या आजी-आजोबांना विचारले तर ते लगेच अर्थ सांगतील. पुस्तके, औषधे, मनगटी घड्याळे अशा कितीतरी वस्तू मुंबई-पुण्याहून व्ही.पी.ने गावात येत. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि पुडके ताब्यात घ्यायचे, एवढाच व्यवहार. पण या यादीत एक गोष्ट सहसा सापडत नाही, ती म्हणजे शिवलेला तयार कपडा. त्याच काळात अमेरिकेतला शेतकरी मात्र कोट, पाटलोण आणि बायकोचा झगासुद्धा टपालाने मागवत होता. असे का झाले असावे? या प्रश्नाचा माग काढताना टपालखात्याचा इतिहास, संख्याशास्त्र आणि शिंप्याची टेप या तिन्ही गोष्टी एकमेकींना येऊन मिळतात. म्हणूनच हा विषय आम्ही शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

टपालाच्या तीन सोयी

न पाहिलेल्या दुकानदाराकडून वस्तू मागवायची तर तीन गोष्टी लागतात. मागणी कळवण्याचे स्वस्त साधन हवे, वस्तू पोचवणारा कोणी हवा आणि पैशांची खात्रीची देवघेव हवी. आपल्याकडे १८५४ च्या कायद्याने देशभर पत्रांचा दर अंतराऐवजी वजनावर ठरू लागला. पार्सले नेणाऱ्या टपालाला त्या काळी 'बंगी' म्हणत. बंगी म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी पार्सले खरोखरच कावडीने नेली जात, तेच नाव पुढे टपालाला चिकटले.

यानंतर चार वर्षांच्या आत तीन सोयी झाल्या. १८७७ मध्ये 'व्हॅल्यू पेएबल', म्हणजे व्ही.पी.ची पद्धत आली. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले. आता सिन्नरच्या एखाद्या गृहस्थाने १९०० च्या सुमारास मुंबईच्या दुकानातून एखादी वस्तू मागवली असे समजू. त्याने पाव आण्याच्या कार्डावर मागणी लिहिली. सिन्नर रेल्वेच्या मुख्य मार्गावर नव्हते, तेव्हा टपालाची थैली आधी रस्त्याने नाशिकरोडला गेली. तेथून आगगाडीने थळघाट उतरून ती मुंबईला पोचली. थळघाटाचा लोहमार्ग १८६५ मध्येच खुला झाला होता. दुकानदाराने पुडके व्ही.पी.ने पाठवले. सिन्नरला पोस्टमनने रक्कम घेऊन ते गिऱ्हाइकाच्या हवाली केले आणि ती रक्कम मनीऑर्डरने दुकानदाराकडे परत गेली.

या व्यवहारात दोघांचीही एकमेकांशी ओळख नाही. दुकानदाराला भीती की माल जाईल आणि पैसे बुडतील. गिऱ्हाइकाला भीती की पैसे जातील आणि माल यायचाच नाही. टपालखाते दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि ही अडचण बरीचशी सुटली. बरीचशी म्हणण्याचे कारण असे, की पुडके फोडण्याआधी पैसे द्यावे लागत. आत काय आहे ते नंतरच कळे. काही लबाड लोक तर न मागवलेला मालही व्ही.पी.ने धाडत. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात, माल खरोखरीच्या मागणीवरून पाठवत असल्याचे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद करण्यात आली. फसवणूक आढळल्यास रक्कम अडवून गिऱ्हाइकाला परत देण्याचीही सोय पुढे झाली.

शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगायला हवी. लहान गावांतील शाखा डाकघरे चालवायला पूर्ण वेळचा नोकर परवडत नसे. त्यामुळे हे काम अनेक ठिकाणी शाळामास्तरांकडे असे. कार्ड लिहून देणारे, किंमत वाचून दाखवणारे आणि पैसे घेऊन पुडके देणारे एकच गृहस्थ असत, ते म्हणजे गावचे मास्तर.

शिकागोचा कॅटलॉग

युरोप-अमेरिकेत हा व्यापार थोडा आधी सुरू झाला. वेल्समधील न्यूटाउन या गावी प्राइस प्राइस-जोन्स हा कापडव्यापारी १८६१ पासून टपालाने फ्लॅनेल विकू लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक. अमेरिकेत शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये १६३ वस्तूंची एक-पानी यादी छापली. पुढे 'सीअर्स, रोबक' ही कंपनी त्याच शहरात त्याची प्रतिस्पर्धी झाली. या कंपन्यांचे कॅटलॉग शेकडो पानांचे असत आणि त्यांत कपड्यांना भरपूर जागा असे. माप कसे घ्यावे हे चित्रे काढून समजावलेले असे. काही वेळा कापडाचे नमुने आणि मापाची पट्टीसुद्धा सोबत येई.

गंमत अशी, की माल हाती पडल्यावर पैसे देण्याची टपाली सोय अमेरिकेत १ जुलै १९१३ रोजी सुरू झाली. आपल्याकडे ती तब्बल पस्तीस वर्षे आधी होती. त्यामुळे आपल्याकडे कपड्यांचा टपाली व्यापार रुजला नाही याचे कारण टपालाच्या मागासलेपणात शोधता येत नाही. ते दुसरीकडे, मापांत शोधावे लागते.

माप आले कोठून?

घड्याळ कोणाच्याही मनगटाला बांधता येते. सदऱ्याचे तसे नाही. न पाहिलेल्या माणसासाठी सदरा बेतायचा तर माणसांच्या शरीरांत काही नियम असतो का, हे आधी कळायला हवे. बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या गणितज्ञाने १८४६ मध्ये ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे मांडून दाखवली. सरासरी ४० इंचांच्या जवळ होती. ३८ ते ४२ या पाच मापांतच शंभरातले सुमारे ७८ सैनिक बसत होते. ३३ इंच छातीचे अवघे तीन होते आणि ४८ इंचांचा एकच. आलेख काढला तर मध्ये फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा घंटेसारखा आकार मिळतो.

केतलेचा हेतू कपडे विकण्याचा नव्हता. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा आलेख मोलाचा आहे. मधली थोडी मापे तयार ठेवली की बहुतेक गिऱ्हाईक सांभाळता येते, हे त्यातून दिसते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात सैन्यासाठी लाखो गणवेश ठराविक मापांत शिवावे लागले आणि पुरुषांच्या तयार कपड्यांना त्यातून मोठी चालना मिळाली.

आता एक छोटा हिशेब करू. छातीची ३४, ३६, ३८, ४०, ४२ आणि ४४ अशी सहा मापे घेतली. प्रत्येक मापात बाहीच्या तीन लांब्या ठेवल्या तर १८ प्रकार होतात. सदऱ्याच्या उंचीचेही तीन प्रकार धरले तर ५४. त्यात चार रंग आले की २१६. गावच्या दुकानदाराला एवढा माल भरणे अशक्य. ४४ इंचांचा, आखूड बाहीचा सदरा वर्षभर धूळ खात पडेल. शिकागोच्या गोदामाला मात्र सबंध देश गिऱ्हाईक. तेथे त्या सदऱ्यालाही मालक मिळतो. टपाली व्यापाराची खरी ताकद अशी विरळ मागण्या एकत्र करण्यात होती.

तरीही कपडे परत येत आणि त्याचा खर्च कंपन्यांच्या अंगावर पडे. स्त्रियांच्या कपड्यांत ही अडचण जास्त होती. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापे घेतली. पुढे टपाली व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या मागणीवरून या आकड्यांच्या आधारे प्रमाण मापे बसवण्यात आली आणि ती १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. पण मूळ पाहणीत हिशेबात धरल्या गेल्या त्या केवळ गोऱ्या स्त्रिया. ज्यांना मोजलेच नाही त्यांना कपडे बसणार कसे? १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतले गेले.

सरासरीला आणखी एक मर्यादा आहे. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास असलेला वैमानिक त्यांना एकही सापडला नाही. एकाची छाती सरासरी तर हात लांब, दुसऱ्याची उंची सरासरी तर कंबर बारीक. सरासरी माणूस कागदावर असतो, वर्गात किंवा बाजारात भेटत नाही.

सिन्नरच्या पेठेतले उत्तर

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. सिन्नर हे हातमागाचे आणि विड्यांचे गाव म्हणून ओळखले गेले. जवळच येवल्याचे माग. अशा भागातला नेहमीचा पोशाख पाहा. बाईचे लुगडे, पुरुषाचे धोतर, उपरणे, पागोटे. यांतले काहीच शिवलेले नाही. 'नऊवारी' हे नाव कापडाच्या लांबीवरून पडले आहे, नेसणारीच्या शरीराचे माप त्यात कोठेच नाही. तेच लुगडे सासू नेसते आणि सूनही नेसते. फक्त निऱ्या कमी-जास्त होतात.

शिवलेल्या कपड्यांतही माप सैल ठेवण्याची युक्ती होती. बाराबंदीला बंद, चोळीला पुढे गाठ, परकराला आणि लेंग्याला नाडी. अंग थोडे भरले किंवा उतरले तरी कपडा निकामी होत नसे. चोळीसाठी बाजारात मिळे तो खण, म्हणजे कापडाचा तुकडा. तो बेतून शिवला जाई तो घरी, नाहीतर शिंप्याकडे.

आणि शिंपी तर गल्लीत होता. शिवणयंत्र अमेरिकेत घराघरांत आणि मोठ्या कारखान्यांत गेले. भारतात सिंगर कंपनीचे काम नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी वाढवले, ती यंत्रे हप्त्यांवरही मिळू लागली, आणि ती मोठ्या संख्येने शिंप्यांच्या ओट्यांवर जाऊन बसली. १९३० च्या दशकात कलकत्त्यात भारतीय बनावटीचे 'उषा' यंत्रही तयार होऊ लागले. म्हणजे ज्या यंत्राने तिकडे तयार कपड्यांचा धंदा उभा केला, त्याच यंत्राने इकडे मापाने शिवणाऱ्याचे हात बळकट केले. गिऱ्हाईक समोर उभे, टेप गळ्यात आणि मजुरी थोडी. अशा वेळी शेकडो मैलांवरच्या दुकानाला आपली छाती कळवण्याची गरज कोणाला वाटावी?

याला अपवाद होता तो साहेबी पोशाखाचा. मुंबईत १८९१ मध्ये उघडलेले 'आर्मी अँड नेव्ही' किंवा 'व्हाइटअवे, लेडलॉ' यांसारखी दुकाने कॅटलॉग काढून बाहेरगावी माल पाठवत. त्यांची गिऱ्हाइके होती मुख्यतः लष्करी छावण्यांतील आणि मुलकी नोकरीतील इंग्रज. नाशिकजवळच्या देवळालीसारख्या छावणीत अशा कॅटलॉगला वाचक होता. तेथून कोस-दोन कोसांवरच्या खेड्यांत मात्र त्याचे काही काम नव्हते.

गणवेशाचा धडा

हा सगळा इतिहास जुना वाटेल, पण शाळेच्या दारात तो नुकताच येऊन गेला आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षी राज्य शासनाने शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी गणवेशाचे कापड एकत्रित खरेदी करून ते महिला बचत गटांकडून शिवून घेण्याची पद्धत आणली. शिवणाऱ्या बायकांना त्यातून काम मिळावे हा हेतू चांगलाच होता. पण गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि मापे न जुळल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलला आणि खरेदीचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले. दोष शिवणारीच्या हाताला देण्याआधी आपण केतलेचा आलेख आठवावा. मूल समोर नसताना केवळ इयत्ता पाहून कापड बेतले तर वर्गातील उंच, बुटकी, किरकोळ आणि अंगाने भरलेली मुले त्यात बसणार नाहीत. कॅटलॉगवाल्यांना जी अडचण शंभर वर्षे छळत होती, तीच ही. फरक एवढाच, की त्यांचे गिऱ्हाईक कपडा परत पाठवू शकत होते. आपल्या शाळेतील मूल तो तसाच घालून वर्षभर वर्गात बसते.

भारतीयांची स्वतःची मापे घेण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. २०१८ मध्ये त्याची घोषणा झाली. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यायची, अशी ती योजना. यात १५ वर्षांखालील मुले नाहीत आणि खेडीही नाहीत. म्हणजे सिन्नर तालुक्यातील सहावीच्या मुलीचे माप अजून तिच्या शाळेलाच घ्यावे लागेल.

ते वर्गात सहज घेता येते. प्रत्येक विद्यार्थ्याची उंची, खांद्याची रुंदी आणि हाताची लांबी मोजा. मापे चिठ्ठीवर लिहून घ्या, नाव लिहू नका, म्हणजे कोणाला संकोच वाटणार नाही. पाच-पाच सेंटिमीटरचे गट पाडून स्तंभालेख काढा. मग मुलांना तीन प्रश्न विचारा. आलेखाचा आकार कसा आला? लहान, मध्यम आणि मोठा अशी तीनच मापे ठेवली तर किती जण बाहेर राहतात? तिन्ही मापांत मध्यम गटात बसणारे कितीजण आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना चकित करील. एवढे झाल्यावर तो आलेख व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मांडावा. कोणत्या मापाचे किती गणवेश मागवायचे, हे त्यावरून ठरवता येईल.