पगार सोडलेला पाद्री : रेव्हरंड टिळक आणि 1917

आजच्या भागाचा विषय तसा जुनाच आहे. देव की संसार? ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न थेट येशूच्या गोष्टीपासून सुरू होतो. एक श्रीमंत तरुण येशूला विचारतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू? येशू म्हणतो, आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याच्याकडे पुष्कळ मालमत्ता असते. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अँथनीने हेच वचन चर्चमध्ये ऐकलं, जमीनजुमला देऊन टाकला आणि तो वाळवंटात राहायला गेला. जाताना धाकट्या बहिणीची सोय त्याने व्रतस्थ स्त्रियांकडे लावली. या बहिणीबद्दल नंतर फारसं कुणी बोलत नाही. ती लक्षात ठेवा, कारण आपल्याला तिथेच परत यायचंय.

आता येऊ या महाराष्ट्रात. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचायला दिला. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा जवळपास पाच वर्षं त्यांच्यापासून वेगळे राहिले. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

आपल्याला वाटतं, त्यागाची गोष्ट इथे संपली. पण मला त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. शिकवणं, प्रवचनं, अभंग, मुलांच्या कविता, सगळं चालू होतं. 1904 मध्ये ते दीक्षित पाद्री झाले आणि पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादकही. म्हणजे घर, मान आणि महिन्याचा पगार होता, तोही देवाच्याच कामाचा. यात वाईट काय? काहीच नाही. आणि म्हणूनच ते सोडणं अवघड होतं. पाप ओळखून सोडता येतं, चांगली नोकरी सोडायला कारण सापडत नाही. आमच्यासारख्या एक तारखेच्या एसएमएसवर जगणाऱ्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची ही पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही त्याचं दार उघडं होतं, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा हा माणूस. त्याला ख्रिस्ती संन्यासी व्हायचं होतं. मला यामागचं गणित साधं वाटतं. पैसे घेऊन देवाबद्दल बोलणारा माणूस खरंच बोलत असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहते. शिवाय पगार विदेशी मिशनचा. मग ख्रिस्त आपला कसा वाटणार? पगार गेला की शंकेला धरायला काही उरत नाही.

आता त्या बहिणीकडे येऊ. संन्यास घेणारा एक असतो, पण किंमत मोजणारे अनेक असतात. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकायचाच नाही. आलेला देऊन टाकायचा, आणि चूल मात्र लक्ष्मीबाईंनी पेटवायची! अँथनीच्या बहिणीने काही लिहून ठेवल्याचं माहीत नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र लिहिलं. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, विसरभोळेपणा आहे, घरातली ओढाताण आहे, आणि तरीही कडवटपणा नाही. संताच्या घरात राहणं किती कठीण असतं, हे एवढ्या हसतखेळत मराठीत क्वचितच कुणी सांगितलं असेल.

'देवाचा दरबार' टिळकांना फार काळ चालवता आला नाही. 9 मे 1919 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. येशूचं ओवीबद्ध चरित्र, 'ख्रिस्तायन', अर्धवट राहिलं. सुरुवातीचेच काही अध्याय झाले होते. पुढचे 64 अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. लहानपणी ज्यांना कुणी शाळेत घातलं नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी!

मग भक्ती कुणाची मोठी? पगार सोडणाऱ्याची, की पगार गेल्यावर घर सांभाळून वर ग्रंथ पुरा करणारीची? मला वाटतं, 'जगाचा मोह सोडा' हे वाक्य आपण नेहमी निघून जाणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. मोह फक्त पैशाचा नसतो. 'मी त्याग केला' याचाही असतो. लक्ष्मीबाईंना तो परवडण्यासारखा नव्हता, आणि त्यांच्या लिखाणात तो दिसतही नाही.

'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर जरूर वाचा. वाचलं असेल, तर या वेळी लक्ष्मीबाईंच्या बाजूने पुन्हा वाचा, आणि कळवा तुम्हाला काय वाटलं ते. भेटू पुढच्या भागात!