आवारातील तयार शेड कशी निवडावी? (मुंबई शहर विभाग)

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत परसबाग म्हणजे बहुतेक वेळा सोसायटीच्या भिंतीलगतची मातीची पट्टी, नाहीतर गच्ची. २ ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोंहून जास्त ओला कचरा होणाऱ्या संकुलांना तो आवारातच जिरवायला सांगितले. तेव्हापासून बागेशेजारी कंपोस्टच्या टाक्याही आल्या. कोरडा पाला, कोकोपीट, पेंड, फावडी, चाळण्या ठेवायला जागा हवी, म्हणून तयार शेडची चौकशी होते. विक्रेता आधी आकार आणि रंग विचारतो. खरेदीदाराने आधी ठरवायचे ते वेगळेच: आत काय ठेवणार, आणि जुलै महिन्यात त्या मालाचे काय होणार.

पाऊस अडतो, दमटपणा अडत नाही

कुलाबा वेधशाळेत वर्षाला सरासरी २००० मिमीहून जास्त पाऊस नोंदला जातो. तो कोणतेही बरे छप्पर अडवते. पण जुलैत हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि ती शेडच्या आतही तेवढीच राहते. ३० अंश तापमानाला आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतले पाणी ओढू लागतो. कॅल्शियम नायट्रेट तर त्याच्या कितीतरी आधी पाघळते. म्युरेट ऑफ पोटॅश ८४ टक्क्यांपर्यंत तग धरते, म्हणजे पावसाळ्यात तेही काठावरच. सल्फेट ऑफ पोटॅशला मात्र त्रास होत नाही. रासायनिक खते आणलेल्या गोणीत न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात भरावीत. शेड कितीही महाग घेतली तरी हे पिंप लागतेच.

शेणखत, गांडूळखत, पाला आणि कोकोपीट यांची गरज याच्या उलट आहे. त्यांना खेळती हवा हवी. बंद खोलीत गांडूळखत कुबट होते आणि निंबोळी पेंडीला बुरशी धरते. म्हणून हवाबंद 'वॉटरप्रूफ' शेडपेक्षा समोरासमोरच्या दोन भिंतींना वर आणि खाली झरोके असलेली साधी शेड चांगली. कांदाचाळीचे तत्त्व हेच आहे: जमिनीपासून उचललेला तळ, खालून येणारी हवा आणि पावसापासून आडोसा.

बियाणे, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमसारखी जिवाणू खते मात्र या शेडमध्ये ठेवूच नयेत. मे महिन्यात बंद पत्र्याखाली जी उष्णता साठते, तिच्यात जिवाणू मरतात आणि बियाण्यांची उगवण घटते. त्यांची जागा घरात, थंड व कोरड्या कपाटात. कीडनाशके थोडी असली तरी स्वतंत्र कुलपाच्या पेटीत, मुलांच्या हाताला येणार नाहीत अशी ठेवावीत.

किती मोठी?

आकार ठरतो तो पाल्यावरून. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत गोळा केलेला पिंपळाचा आणि बदामाचा पाला पावसाळाभर कंपोस्टच्या टाकीत मिसळायला पुरवायचा असतो. तो हलका पण फार जागाखाऊ. पाला चुरून पोत्यात दाबून भरला तर जागा निम्म्याहून कमी लागते. ५ किलोंची कोकोपीटची वीट कोरडीच ठेवावी, लागेल तेव्हाच भिजवावी. मध्यम सोसायटीला ६ बाय ८ फुटांची शेड सहसा पुरते. त्याहून मोठ्या शेडमध्ये हळूहळू मोडक्या सायकली आणि मंडपाचे बांबू येतात, हा सगळीकडचा अनुभव आहे.

पाणी आणि उंदीर

हिंदमाता परिसर, परळचा सखल भाग किंवा दादर पूर्वेच्या काही गल्ल्या येथे तळाची उंची हीच पहिली अट. आपल्या आवारात आजवर पाणी कुठवर चढले, हे इमारतीच्या जुन्या रखवालदाराला विचारावे. भिंतीवरचा डागही ते सांगतो. त्या खुणेच्या किमान अर्धा फूट वर शेडचा तळ यावा. कोकणातल्या मांगराला जांभ्याचे जोते असते ते याच कारणाने. आवारात विटांचे किंवा काँक्रीटचे जोते करून वर शेड बसवावी आणि आत पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर रचावीत. नुसत्या मातीवर बसवलेल्या शेडखाली घुशी बिळे करतात. झरोक्यांना ६ मिमीची जाळी लावावी. पेंड आणि अर्धवट कुजलेला कचरा उंदरांना बोलावतो आणि पावसाळ्यात उंदरांमागून लेप्टोस्पायरोसिस येतो, म्हणून साचलेल्या पाण्यात उतरताना गमबूट घालावेत.

पत्रा, प्लॅस्टिक की पॅनेल?

समुद्र जवळ असल्याने खारी हवा लोखंड लवकर खाते. गिरगाव चौपाटीजवळ तर आणखी लवकर. विक्रेते पत्रा 'गेज'वर विकतात. गेजने जाडी कळते, गंजाला होणारा विरोध कळत नाही. विचारायचे ते जस्ताच्या थराचे वजन: भारतीय मानकात दर चौरस मीटरला १२० ग्रॅम थराचा पत्रा मिळतो, तसा २७५ ग्रॅमचाही. येथे २७५ च्या खाली जाऊ नये. अल्युमिनियम-जस्त थराचा, वरून रंग भाजलेला पत्रा त्याहून बरा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि रबरी वॉशरचे मागावेत. गंज सुरू होतो तो पत्र्याच्या मध्यावर नव्हे, स्क्रूभोवती आणि कापलेल्या कडांवर.

जाड प्लॅस्टिकची शेड गंजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होते. अतिनील किरणांना टिकणारे प्लॅस्टिक असल्याचे बिलावर लिहून घ्यावे. फोम भरलेली पॅनेलची शेड आतून थंड राहते. मात्र खत-पाल्यासाठी तो खर्च वाया जातो आणि आतला फोम जळणारा असू शकतो. पाडलेल्या चाळी-गिरण्यांचे जुने सिमेंटचे पत्रे स्वस्तात मिळतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कापू नयेत, भोके पाडू नयेत. त्या धुळीने फुप्फुसांचे कायमचे नुकसान होते.

वारा

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात कुलाब्याला ताशी ११४ किमी वेग नोंदला गेला. हिशेब केला तर या वेगाने दर चौरस मीटरला सुमारे ६० किलोंचा दाब येतो. ६ बाय ८ फुटांच्या, साडेसहा फूट उंच शेडच्या लांब भिंतीवर तो जवळपास ३०० किलो होतो. रिकाम्या प्लॅस्टिक शेडचे वजन याच्या निम्मेही नसते. त्यामुळे चारही कोपरे जोत्यात अँकर बोल्टने पक्के करावेत. 'आत सामान भरले की हलत नाही' हे विक्रेत्याचे म्हणणे ग्राह्य धरू नये. मे-जूनमध्ये, जेव्हा वारा येतो, तेव्हा निम्मा पाला वापरून झालेला असतो.

गच्चीवर वारा आणखी जोराचा, आणि तिथे वजनाचाही प्रश्न. लोकांना वापरता येणारी काँक्रीटची गच्ची सहसा दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखलेली असते. ओल्या कंपोस्टची पोती मीटरभर उंच रचली तर हा आकडा ६०० च्या पुढे जातो. गच्चीवर फक्त अवजारे आणि कोरडा माल ठेवावा, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. बोल्टसाठी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोके पाडली तर वरच्या मजल्यावर गळती ठरलेली.

परवानगी

बोल्टने बसवलेली, काढता येणारी शेडही बांधकाम धरली जाऊ शकते. खरेदीपूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी विचारणा करावी: परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर, गिरगावच्या बऱ्याच भागासाठी डी. पावसाळी शेडची परवानगी तात्पुरती असते, तिच्यावर कायमची साठवण बसवू नये. आवार आणि गच्ची सामाईक असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. जुन्या उपकरप्राप्त इमारतीत मालकाची संमती घ्यावी आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही चौकशी करावी. जिना, गच्चीचे दार आणि अग्निशमन गाडीची वाट मोकळी राहिली पाहिजे. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या आगीत १४ माणसे गेली. सुका पाला भरलेली शेड जिन्यालगत ठेवणे म्हणजे सरपण रचणे.

बसवणे आणि देखभाल

जोते एप्रिलमध्ये, शेड मेच्या पहिल्या पंधरवड्यात बसवावी. ताबा घेण्याआधी छपरावर आणि दाराच्या फटींवर दहा मिनिटे नळीने पाणी मारून पाहावे. ओल आत आली तर फिटर समोर असतानाच दुरुस्त होते. दरवर्षी मेमध्ये स्क्रू आवळावेत, खरचटलेल्या जागी जस्ताचा रंग लावावा आणि जाळ्या तपासाव्यात. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी दोन्ही दारे तासभर उघडी ठेवावीत.