कुंपणाने शेत खाल्लं, ७८ मिनिटांत

फेब्रुवारी २०२४

फाल्कन नावाची सुरक्षाप्रणाली बनवणाऱ्या अमेरिकेतल्या क्राउडस्ट्राइक कंपनीने तिची नवी आवृत्ती काढली. विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं अशी तिची बडी गिऱ्हाइकं. विंडोजमध्ये आयती मिळते ती राखण ज्यांना पुरेशी वाटत नाही, अशी ही मंडळी. नव्या आवृत्तीत हल्ला ओळखण्याच्या नियमांसाठी एक साचा होता. साच्यात रकाने २१ ठरवलेले, पण संगणकावर चालणारा प्रोग्राम माहिती पुरवायचा २०च रकान्यांची. एकविसावा रिकामा.

५ मार्च

चाचणी झाली आणि साचा पास झाला. चाचणीतल्या नियमांनी एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असंच लिहिलं होतं, त्यामुळे तो रकाना उघडून बघायची वेळच आली नाही. त्याच दिवशी पहिला नियम जगभर गेला, एप्रिलमध्ये आणखी तीन. सगळं सुरळीत. चार वेळा निभावलं की पाचव्यांदा कोण तपासतं?

शुक्रवार, १९ जुलै, पहाटे ३.२६ (भारतीय वेळ)

मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर या क्लाउड सेवेचा अमेरिकेच्या मध्यभागातला विभाग कोलमडला. पुढे जे घडलं त्याचा याच्याशी संबंध नव्हता. पण दोन्ही बिघाड एका दिवसात आल्यामुळे ‘मायक्रोसॉफ्ट बंद पडलं’ ही बातमी दिवसभर फिरत राहिली.

सकाळी ९.३९

क्राउडस्ट्राइकने दोन नवे नियम पाठवले. ‘चॅनल फाइल २९१’ असं त्या फाइलचं नाव. त्यातल्या एका नियमाला पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यातलं मूल्य हवं होतं. पाठवण्याआधी फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येही दोष होता, त्याने ती बिनदिक्कत पुढे सोडली.

फाल्कन विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो. व्हायरसच्या आधी जागा अडवायची तर तिथे बसण्यावाचून गत्यंतर नसतं. पण साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यात चूक झाली की विंडोज स्वतःलाच थांबवतं. फाल्कन नसलेलं मूल्य शोधायला मेमरीत भलतीकडे गेला आणि पडदा निळा झाला. मशीन पुन्हा सुरू होतं, सुरू होतानाच फाल्कन जागा होतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा निळा पडदा.

त्याच वेळी, राजूर

वणी तालुक्यातलं राजूर, कोळसा आणि चुन्यासाठी ओळखलं जाणारं गाव. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. पीकविम्याची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढलेली, ‘लाडकी बहीण’ नुकतीच जाहीर झालेली. दाखल्यांसाठी सेतू केंद्रांत गर्दी व्हायचे ते दिवस. अशा गावात घरच्या लॅपटॉपवर वेगळं काही विकत घेतलेलं नसेल, तर राखणीला असतो विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. त्या सकाळी अशा लॅपटॉपला काहीच झालं नाही. झालं ते फुकटच्या राखणीवर न भागणाऱ्यांना.

सकाळी १०.५७

क्राउडस्ट्राइकने सदोष फाइल मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत जी मशीन बंद होती, ती वाचली. चालू होती त्यांच्यापैकी बहुतेकांना नवी फाइल घेण्याइतका वेळही मिळेना.

दुपार

मुंबई विमानतळावर इंडिगो आणि अकासाचे काउंटर कागदावर आले. देशभर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले आणि त्यांचे फोटो फिरू लागले. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने गंभीर इशारा काढला. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. आपल्या बँका थोडक्यात सुटल्या त्या अधिक शहाण्या होत्या म्हणून नव्हे. त्यांच्यातल्या थोड्याच जणांकडे हे महागडं साधन होतं.

दुपारी ३ नंतर

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी जाहीर केलं, हा सायबर हल्ला नाही. जाणकारांना एक जुनी गोष्ट लगेच आठवली. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अँटीव्हायरसने विंडोजचीच एक आवश्यक फाइल व्हायरस समजून हटवली होती आणि जगभरचे एक्सपी संगणक आडवे झाले होते. तेव्हा मॅकॅफीचे तंत्रज्ञानप्रमुख हेच कुर्ट्झ.

रात्र आणि पुढचे दिवस

दुरुस्ती सोपी होती, म्हणूनच छळणारी. मशीन सेफ मोडमध्ये उघडायचं आणि ती एक फाइल पुसायची. पण हे प्रत्येक मशीनपाशी जाऊन करायचं, आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर आधी ४८ आकडी कुलूप-संकेत शोधायचा. तो ज्या सर्व्हरवर ठेवलेला, तोही कधी निळा पडलेला! शनिवारी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: ८५ लाख संगणक, जगातल्या विंडोज मशीनच्या एक टक्क्याहूनही कमी. एकट्या डेल्टा एअरलाइन्सची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली.

मग घरच्या संगणकाला डिफेंडर पुरतो का?

माझं उत्तर: पुरतो. नव्वदच्या दशकात कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात क्विक हील उभं केलं, तेव्हा संगणकात स्वतःची पुरेशी राखण नव्हती. बाहेरून आणणं भाग होतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटीव्हायरस आतच येतो. तोही गाभ्यातच बसतो, तोही उद्या चुकू शकतो. पण त्याच्या जागी दुसरा बसवला की गाभ्यात एक परका शिरतो, हे विकणारा सांगत नाही.

उत्तराला अटी मात्र आहेत. पहिली, विंडोज खरं हवं. क्रॅक टाकणारा ‘आधी डिफेंडर बंद करा’ म्हणतो आणि आपण करतो. तिथे राखणीचा प्रश्नच मिटला. दुसरी, अपडेट. विंडोजमधल्या ज्या भोकातून वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ ला फायली ओलीस धरल्या, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. तिसरी, फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी संगणकापासून सोडवलेली. डिफेंडरमध्ये खंडणीखोर व्हायरसपासून फोल्डर राखायची सोयही आहे, पण ती बंदच येते. चालू आपण करायची. आणि फोनवर कुणीतरी गोड बोलून ओटीपी काढून घेतला, तर तिथे डिफेंडरही नाही आणि फाल्कनही नाही.

१४ ऑक्टोबर २०२५

या दिवशी विंडोज १० चा नियमित आधार संपला. मायक्रोसॉफ्टने डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची यादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत पुरवायचं ठरवलं आहे. म्हणजे जुन्या लॅपटॉपवरची हिरवी खूण तशीच दिसत राहील आणि रोज नवे व्हायरस ओळखलेही जातील. विंडोजमध्ये सापडणारी नवी भोकं मात्र, वाढीव आधारासाठी नाव नोंदवलं नसेल तर, उघडीच राहतील.