सोडलेला मासा

भाद्रपद सरत येतो, आपल्याकडे पितृपक्षाची पाने मांडली जातात, त्याच सुमारास जपानमधल्या बिवा सरोवराचे पाणी निवू लागते. आयू नावाचा बोटाएवढा चंदेरी मासा अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखांशी थव्याथव्याने जमतो. त्याच्या मागावर आणखी एक मासा तिथे येतो: हिरवट अंगाचा, रुंद जबड्याचा ब्लॅक बास. आणि बासच्या मागावर येतात गळ घेतलेले हौशी लोक. पहाटेच्या उजेडात गळाला हिसका बसतो, रीळ करकरते आणि काही क्षणांत दोन-तीन किलोंचा मासा हातात येतो. मला रस आहे तो त्यानंतरच्या क्षणात. हातातल्या माशाचे करायचे काय?

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. बास मूळचा तिकडचाच. 1972 पासून रे स्कॉट यांनी आपल्या बास-स्पर्धांमधून ‘धरलेला मासा मारू नका’ ही मोहीम चालवली. मासा जिवंत पाण्यात सोडणे हे चांगल्या गळकऱ्याचे लक्षण ठरले. बासच्या छंदाबरोबर ही रीत जपानमध्ये पोचली. पण बिवाच्या काठी तिचा अर्थ उलटा झाला.

बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे गोडे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे 670 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे यांच्या एकत्रित क्षेत्राहून थोडे अधिक. चारशेहून अधिक लहानमोठे प्रवाह त्यात उतरतात; नैसर्गिक वाट धरून बाहेर पडते ती एकटी सेता नदी. लाखो वर्षांच्या या पाण्यात इतरत्र कुठेही नसलेले जीव घडले. निगोरोबुना हा त्यांतलाच एक मासा. त्याची गाभोळीने भरलेली मादी आधी मिठात आणि मग शिजवलेल्या भातात महिनोन् महिने मुरवतात. त्या आंबट, उग्र वासाच्या पदार्थाला फुनाझुशी म्हणतात. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या सुशीचे हे जुने रूप.

बास या पाण्यात पोहत आला नाही. 1925 साली आकाबोशी तेत्सुमा या उद्योजकाने तो कॅलिफोर्नियातून आणून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला. खायला चांगला आणि धरायला मजेचा, असा दुहेरी हेतू होता. बिवात तो आढळल्याची पहिली नोंद 1974 ची, हिकोनेजवळची. 1980 च्या दशकात त्याची संख्या भराभर वाढली आणि स्थानिक कोळ्यांच्या जाळ्यांतली नेहमीची मासळी घटत गेली.

त्याचा साथीदार ब्लूगिल आला तो राजमार्गाने. 1960 साली युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना हे मासे भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यअभ्यासक. लोकांच्या ताटात चांगला मासा पडेल या अपेक्षेने त्यांनी ते संशोधन केंद्राकडे सोपवले. पुढे ब्लूगिल देशभरच्या जलाशयांत पसरला. बिवात तर इतर माशांची अंडी फस्त करू लागला. 2007 मध्ये सरोवराकाठच्या ओत्सू शहरात, सम्राट म्हणून बोलताना, अकिहितो यांनी हा मासा आपणच आणल्याचे सांगितले आणि झाल्या गोष्टीबद्दल मनाला यातना होतात, असे जाहीरपणे कबूल केले.

याच अकिहितो यांनी 1965 मध्ये थायलंडच्या राजाला तिलापियाचे पन्नास मासे पाठवले होते. त्यांच्या वंशावळीवर तिथे आज घरोघर जेवण होते. देणारा तोच, हेतू तोच. पाणी मात्र वेगळे.

शिगा प्रांताच्या विधिमंडळाने 2002 मध्ये नियम केला आणि एप्रिल 2003 पासून तो लागू झाला: बिवात धरलेला बास वा ब्लूगिल परत पाण्यात सोडायचा नाही. काठावर असे मासे टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या गेल्या. काही गळकरी न्यायालयात गेले; त्यांचा दावा टिकला नाही. विशेष म्हणजे नियम मोडणाऱ्याला शिक्षा नाही. सारा भार त्या पहाटेच्या क्षणावर आणि माणसाच्या मनावर टाकलेला.

2 जुलै 2009 रोजी कुरिता मानाबू यांनी याच सरोवरात 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा बास धरला. जॉर्ज पेरी यांनी 1932 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात केलेल्या विश्वविक्रमाची त्याने बरोबरी झाली. गळाला आमिष होते जिवंत ब्लूगिलचे. म्हणजे एका आगंतुकाच्या तोंडी दुसरा आगंतुक देऊन, ज्या पाण्याला दोघेही नकोत तिथे, जगातला सर्वांत मोठा बास निघाला. त्या विक्रमाचा अभिमान आणि खंत या दोन्ही गोष्टी बिवाच्या एकाच काठावर राहतात.

हा इतिहास चाळताना सुरुवातीला मीही बासलाच आरोपी मानत होतो. मग सरोवराच्या काठाचा इतिहास वाचला. बोरूची बने आणि काठालगतची उथळ तळी ही निगोरोबुनाची बाळंतिणीची खोली. त्यांतली बरीच तळी भातशेतीसाठी बुजवली गेली. 1972 ते 1997 या काळात सरोवर विकासाची प्रचंड योजना राबवली गेली. काठाने बांध आणि रस्ते झाले. 1992 पासून पुराच्या धोक्यापायी ऐन जूनमध्ये पाण्याची पातळी उतरवली जाऊ लागली आणि उथळ काठावर चिकटलेली अंडी कोरडी पडू लागली. बासने पिल्ले खाल्ली हे खरेच. पण पिल्लांच्या लपायच्या जागा त्याने बुजवल्या नव्हत्या. माशाला पेटीत टाकता येते, बांधाला टाकता येत नाही.

भिगवणच्या बाजारात उजनीच्या चिलापीचे ढीग पाहताना मला हे सारे आठवते. चिलापी म्हणजे तिलापियाच. 1952 मध्ये, गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून तो भारतात आणला गेला. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले, वाहती भीमा तुंबली, आणि साचलेले पाणी चिलापीला मानवले. नदीचे जुने मासे मागे हटले. त्याचा दोष एकट्या चिलापीला द्यावा, तर तिच्यावर चुली पेटणारी घरे समोर दिसतात.

मासा सोडणे पुण्याचे की पापाचे, हे सोडणाऱ्या हातावर ठरत नाही. पाण्याचा इतिहास ते ठरवतो. येत्या आश्विनातही बिवाच्या काठी कुणी तरी तडफडता बास हातात धरून उभा असेल. त्याच्या मागे पेटी आहे, पुढे पाणी. त्या माणसाला मी एवढेच सांगेन, की मासा पेटीत टाक. पण टाकल्यावर एकदा मागे वळून तो बांधही पाहा.