रसास्वाद आणि ‘मी’

लखनौ म्हटले की ठुमरी आणि कथक आठवतात. तेथील विद्यापीठात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या डॉ. कांतिचंद्र पांडेय यांनी मात्र आस्वादामागील तत्त्वज्ञानाचाच शोध घेतला. त्यांचा अभिनवगुप्तावरील इंग्रजी ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. तुलनात्मक सौंदर्यशास्त्राचा पहिला खंड १९५० साली. हजार वर्षांपूर्वीच्या त्या काश्मिरी आचार्यापुढील प्रश्न मोठा बिकट होता. ‘शाकुंतला’तील हरिण बाणाच्या धाकाने पळते, ते भय कोणाचे? प्रेक्षकाचे स्वतःचे म्हणावे, तर तो उठून पळालाच असता! परक्याचे म्हणावे, तर तो तटस्थ राहिला असता. अभिनवगुप्त सांगतो, त्या क्षणी प्रेक्षकाचा ‘मी’ पुरता लोपतही नाही, वेगळा उठूनही दिसत नाही. कांटची निरिच्छ वृत्ती येथे जवळची वाटते खरी. पण अभिनवगुप्ताचा रसिक स्वतःपासून दुरावत नाही, तो स्वतःतच विसावतो.