नव्या मोटारसायकलचे पहिले ऑइल घरच्या घरी बदलताना

एकलहरे : दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर घरी आलेली नवी मोटारसायकल पहिला महिनाभर रोज पुसली जाते. सीटवरचे प्लॅस्टिकही कित्येक जण काढत नाहीत. त्याच महिन्यात इंजिनाच्या आत काय घडते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गाडीच्या उभ्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे ऑइल कोणते, तर हे पहिलेच. ते वेळेवर निघाले नाही, तर पुढे कितीही महाग ऑइल घातले तरी झालेली झीज भरून येत नाही.

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रात आयुष्य काढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मोठ्या टर्बाइनची उभारणी किंवा मोठी दुरुस्ती झाली, की तिच्या वंगणाच्या नळ्यांतून प्रथम तेल फिरवून ते गाळून घेतले जाते. नळ्यांत राहिलेला धातूचा कीस आणि कचरा निघून गेल्याची खात्री झाल्यावरच यंत्र फिरवले जाते. मोटारसायकलला ही चैन मिळत नाही. तिचे इंजिन चालू असतानाच घासून सरावते आणि त्यातून निघणारा कीस त्याच लिटरभर ऑइलमध्ये फिरत राहतो.

सिलिंडरची आतील भिंत डोळ्यांना गुळगुळीत भासली, तरी तिच्यावर मुद्दाम एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा ठेवलेल्या असतात. या रेषांत ऑइल टिकून राहते आणि पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून हळूहळू भिंतीशी जुळून बसतात. गिअरचे दातेही याच काळात एकमेकांशी जुळतात. चारचाकीत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑइल असते. म्हणून तिघांचाही कीस एकाच ठिकाणी जमा होतो.

आधीच्या पिढीला ही बाब नवी वाटणे स्वाभाविक आहे. टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यात ऑइल पेट्रोल पंपावरच पेट्रोलमध्ये मिसळले जाई आणि त्याच्याबरोबर जळून जाई. गिअरबॉक्सचे ऑइल मिस्तरी केव्हातरी बदलत असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य मराठी घरात पोहोचले. इंजिनातले ऑइल ठरावीक अंतराने काढून नवे भरायचे, ही सवय त्यानंतरची. ती अजूनही पुरती अंगवळणी पडलेली नाही.

आधी पुस्तिका, मग पाना

पहिले ऑइल केव्हा बदलावे, याचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिसिंग साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान सांगतात. तिला दिवसांचीही मर्यादा असते आणि यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते ग्राह्य धरले जाते. एकलहऱ्याहून सातपूरला कामावर जाणाऱ्याची ये-जा रोजची चाळीस किलोमीटर धरली, तर साडेसातशे किलोमीटर तीन आठवड्यांच्या आतच भरतात. वसाहतीतून बाजारापर्यंतच गाडी नेणाऱ्याचे किलोमीटर भरायला कित्येक महिने लागतील, पण त्याची दिवसांची मुदत त्याआधीच टळलेली असेल. शिवाय जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि ऑइलमध्ये ओलावा साचत जातो. तेव्हा कमी चाललेल्या गाडीचे ऑइल चांगले असेलच, असे समजू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पहिली सर्व्हिसिंग मोफत कूपनावर असते. ‘मोफत’ म्हणजे मजुरी मोफत, ऑइलचे पैसे द्यावेच लागतात. एवढ्यावरून काही जण कूपन बाजूला ठेवून ऑइल घरीच बदलतात. हे परवडणारे नाही. ठरलेल्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातून वेळेत करून घेणे, ही वॉरंटीची सर्रास आढळणारी अट असते. लिटरभर ऑइलच्या कामासाठी इंजिनाची वॉरंटी पणाला लावण्यात शहाणपण नाही. हौसेने घरी ऑइल बदलायचेच असेल, तर ते कूपनाच्या बरेच आधी, ३०० किलोमीटरच्या आसपास बदलावे, ऑइलचे बिल जपून ठेवावे आणि कूपनाची सर्व्हिसिंगही वेळेवर करून घ्यावी. कंपनीने सांगितले नसताना असा जादा बदल आवश्यक असतोच असे नाही. योग्य ऑइल वापरले तर त्याने नुकसानही होत नाही.

ऑइल निवडताना दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा पुस्तिकेतील अक्षरे महत्त्वाची. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० हे आकडे ऑइलच्या दाटपणाचे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहील ते सांगतो, तर नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा दर्शवतो. याखेरीज डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ अशी खूण आहे का, ते पाहावे. मोटारसायकलींसाठीचे हे जपानी मानक १९९८ सालचे आहे. ऑइलात बुडालेला क्लच घसरू नये, इतपत घर्षण त्या ऑइलात राखलेले असते. घरात कारचे उरलेले उत्तम ऑइल आहे म्हणून ते मोटारसायकलमध्ये ओतणारे भेटतात. इंधन वाचावे म्हणून कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. त्याने क्लच घसरू लागतो आणि गाडी नुसती ओरडते, ओढत नाही.

प्रत्यक्ष काम

साहित्य थोडकेच लागते : ड्रेन बोल्टच्या मापाचा रिंग पाना, पसरट पातेले किंवा जुना ट्रे, नरसाळे, चिंध्या, बोल्टचा नवा वायसर आणि फिल्टर असल्यास तोही नवा. फिक्स पान्याने किंवा पकडीने बोल्टचे कोपरे झिजतात, म्हणून रिंग पानाच घ्यावा.

इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन सहज उतरते आणि तळाशी बसलेला कीसही बरोबर घेऊन येते. गाडी फिरवून आणल्यावर लगेच मात्र हात घालू नये, सायलेन्सरचा चटका बसतो. सपाट जागी गाडी डबल स्टँडवर घ्यावी. ऑइल भरण्याचे टोपण उघडण्यापूर्वी त्याच्याभोवतीचा भाग चिंधीने स्वच्छ पुसावा. औष्णिक केंद्राच्या परिसरात वाऱ्याबरोबर राखेची बारीक धूळ उडत असते. ती इंजिनात जाणे म्हणजे पॉलिश पेपरची भुकटी टाकण्यासारखेच आहे.

खाली ट्रे ठेवून बोल्ट सैल करावा आणि शेवटचे आटे हातानेच काढावेत. ऑइल दहा मिनिटे निथळू द्यावे. उन्हात धरल्यास त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक दिसेल. पहिल्या ऑइलात ती अपेक्षितच असते. नखावर घेता येतील असे तुकडे निघाले, तर मात्र ते कागदात गुंडाळून ठेवावेत आणि गाडी थेट सर्व्हिस सेंटरला दाखवावी. काही १०० सीसी गाड्यांत कागदी फिल्टर नसतो, जाळी असते. ती काढायची की नाही, हे पुस्तिका पाहून ठरवावे.

घरगुती कामात सर्वांत जास्त नुकसान होते ते बोल्ट परत बसवताना. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा. ‘गळू नये’ म्हणून अंगातली सारी शक्ती लावली, की कवचातले आटे जातात आणि शंभर रुपयांच्या बचतीचे काही हजारांचे काम होऊन बसते. बोल्ट आधी बोटांनीच पूर्ण फिरवावा. तिरका जात असेल तर बाहेर काढून पुन्हा लावावा. नंतर पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच तो आवळावा.

नवे ऑइल पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमीच भरावे. तेथे बहुधा दोन मापे दिलेली असतात. पूर्ण इंजिन खोलल्यानंतरचे माप जास्त असते, नुसते ऑइल बदलतानाचे कमी. आपल्याला दुसरे हवे. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून, बंद करून, तेवढाच वेळ थांबून पातळी पाहावी. गाडी सरळ उभी असली पाहिजे, साइड स्टँडवर माप चुकते. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. दोन खुणांच्या मध्ये ऑइल आले म्हणजे पुरे. जास्त भरलेले ऑइल इंजिनाला जड जाते आणि हवेच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचू शकते. दुसऱ्या दिवशी बोल्टखाली थेंब पडला आहे का, ते पाहावे.

जुन्या ऑइलचे काय?

हे ऑइल गटारात ओतायचे नाही. नाशिक शहरातून आलेली गोदावरी एकलहऱ्याजवळून पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते. रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणथळ क्षेत्र आहे. एक गॅलन वापरलेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे सांगणे आहे. आपल्याकडेही २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादक कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. बांधकामाच्या सेंटरिंग प्लेटांना किंवा वाळवी लागलेल्या लाकडाला ते फासण्याची पद्धत आहे, पण तीही सोडलेली बरी. धातू आणि जळके अंश मातीत उतरायचे ते उतरतातच. ऑइल त्वचेलाही चांगले नाही, म्हणून हातमोजे घालावेत.

नवे ऑइल ज्या डब्यातून आले, त्यातच जुने भरावे आणि सर्व्हिसिंगला जाताना सोबत न्यावे. सर्व्हिस सेंटरमध्ये आणि मोठ्या गॅरेजमध्ये यासाठी बॅरल ठेवलेले असते. डबा तेथे रिकामा झाला, की तो तसाच भंगारात देऊ नये. नामांकित कंपन्यांचे चांगले डबे भेसळीचे ऑइल भरून पुन्हा बाजारात येतात. त्याला खिळ्याने दोन-तीन भोके पाडावीत, मगच टाकावा.